मालधक्क्यावरचा हौद

लोक मला अजून विचारतात, "दामिनीताई, एवढी मोठी जागा आयती मिळून राहिली होती, सोडली काहून?" मी सांगते, पत्रा तापतो, रिक्षा मिळत नाही. असं खोटं बोलायची मला लाज वाटत नाही. खरं सांगितलं तर माझ्या नृत्यवर्गात एक मुलगी टिकायची नाही. तुम्ही निवांत बसला आहात, तर ऐका. आचल कॉलेजातून यायच्या आत सांगून टाकते.

अकोल्याच्या मालधक्क्यामागे एका बंद पडलेल्या कापसाच्या प्रेसची गोदामं आहेत. तिथे रुईच्या गाठी बांधायच्या आणि वॅगनमध्ये चढवायच्या. माझ्या लहानपणीच त्यांना कुलूप लागलं. त्यांचं आता कलासंकुल करायचं ठरलं होतं. एका गोदामात चित्रं, एकात नाटक, मधल्या अंगणात कॅन्टीन आणि सगळ्यात मोठं गोदाम नृत्याला. ते माझ्या वर्गाला मिळणार होतं. तोवर आमचा मुक्काम एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. लग्नाची तारीख निघाली की आम्ही घुंगरं गुंडाळून बाहेर. त्यामुळे मी हुरळून गेले होते.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. गोदामात लाकडी फरशी बसली होती, ती नाचताना पायाला कशी लागते तेवढं बघायचं. म्हणून आचलला सोबत घेतलं. आचल माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून ती माझ्याचकडे असते. माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस आहे मला.

एप्रिलची दुपार होती. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मालधक्क्यावर एक डबा नुसता उभा होता. गोदामाचं दार उघडून कंत्राटदार गजेंद्र आमची वाट बघत होता. हा माणूस फार बोलका, दोन कौतुकं ऐकल्याशिवाय सोडत नाही. आत नव्या चुन्याचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, तेलकट, जुन्या सरकीसारखा.

"ताई, तुमी उभ्या हाय ना, त्या फळ्यांखाली हौद हाय," गजेंद्र म्हणाला. "मानूसभर खोल. मशिनी येन्याच्या आधी मानसं त्यात उतरून रुई तुडवत. मंग वरून लोखंडी दाब खाली ये. झाली गाठ."

"आन मानसं?"

"दाब सोडाच्या आधी वरून मुकादम विचारे, निंगाले का सारे? मंग ज्यानं त्यानं बाहीर येऊन आपलं नाव आपल्या तोंडानं सांगाव. दुसऱ्याचं सांगाची सक्त मनाई. भाऊ असो का बाप असो."

"अशी काहून?"

"सांगतलं असंल कोनीतरी एकदा." तो हसला. "मस्त हाय ना? दाराजवळ मोठी पाटीच लावून राहिलो. पब्लिकले असं लय आवडते."

मी वर पाहिलं. दाबाचं लोखंड केव्हाच भंगारात गेलं होतं. छपराच्या पत्र्यात तेवढं एक गोल भोक उरलं होतं, आणि त्यातून उन्हाची तिरीप फळ्यांवर पडली होती. त्या तिरिपेत तंतू तरंगत होते. चुन्याची धूळ असेल म्हणून मी सोडून दिलं.

कॅन्टीनचा नकाशा आणायला गजेंद्र गाडीकडे गेला. आचल अनवाणी फळ्यांवर चढली आणि तिनं कथकचा तत्कार सुरू केला. फरशी झकास होती. खाली पोकळी असल्यामुळे पाऊल असं घुमत होतं की मला तिथल्या तिथे टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मी कडेला उभी राहून मोबाइलवर बाकीच्या मुलींना निरोप धाडायला घेतला, कान मात्र तिच्या पायांकडे होते.

थोड्या वेळानं लक्षात आलं की पावलं जास्त ऐकू येताहेत. प्रतिध्वनी असणार. पण मग आचल एका जागी चुकली, पाऊल मागे पडलं... आणि खालचं पाऊल चुकलं नाही. ते ठेक्यावरच पडलं. जड, दमलेलं, पण ठेक्यावर. त्याच्यामागे आणखी एक पडलं. आणखी एक.

आचललाही ते ऐकू आलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत होती. पण थांबत नव्हती.

तेवढ्यात वरून आवाज आला, "निंगाले का सारे?"

आता माझी सवय सांगते. कार्यक्रमाहून परतताना गाडीचा ड्रायव्हर नेहमी विचारतो, "आल्या का साऱ्या?" आणि मी मागे वळूनही न बघता सगळ्यांच्या वतीनं हो म्हणते. मला वाटलं, गजेंद्रला कुलूप लावायची घाई झाली. मोबाइलमधून मान वर न काढता मी ओरडले, "हो, निंगालो सारे!"

खालची पावलं एकदम थांबली.

"मावशी..." आचल हळूच म्हणाली. "मी आतच हाय ना व."

ती फळ्यांच्या मधोमध उभी होती. पण तिची कोपरं बरगड्यांना चिकटलेली होती, अरुंद जागेत उभं असल्यासारखी. दोन्ही तळहात डोक्यावर, काहीतरी वर रेटून धरलेले. वर काहीच नव्हतं. भोकातली तिरीप तेवढी विझली होती. आणि कुठेतरी लोखंड करकरत होतं, सावकाश, तेल न घातलेल्या रहाटासारखं. तिचे गुडघे वाकायला लागले.

"श्वास... घेता येत नाही..."

मी धावले. तिचं मनगट धरून ओढलं. ओल्या काळ्या मातीतून पाय उपसावा तशी ती कडेपर्यंत आली, आणि आम्ही दोघी फरशीवरून खाली कोसळलो.

वरून पुन्हा आवाज आला. आता अगदी डोक्यावर. "निंगाली का...?"

आचल धापा टाकत होती. तिनं तोंड उघडलं. आणि मी मूर्ख बाई, मीच किंचाळले, "निंगाली! आचल निंगाली!"

करकर थांबली. तिरीप परत आली. दारात गजेंद्र उभा होता, हातात नकाशाची गुंडाळी. "काय झालं ताई? पडल्या काय?" त्यानं आत हाक मारलीच नव्हती, तो गाडीशी फोनवर बोलत होता.

घरी आल्यावर आचल पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, तुनं काहून सांगतलं? मी सांगतच होती."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिला परत तिथे नेलं. फळ्यांच्या कडेला उभं राहून तिनं आपलं नाव स्पष्ट सांगितलं. परत परत सांगितलं, घसा सुकेपर्यंत. गजेंद्रला वाटलं, आम्ही आवाज तपासतोय. "घुमते ना झकास?" म्हणाला. पण नाव सांगून काय उपयोग, विचारणारं कोणीच नव्हतं. आम्ही किती दुपारी तिथे घालवल्या. कोणीही विचारलं नाही. शेवटी मी जागा सोडली.

नंतर अमरावतीला कार्यक्रम होता. पाडव्याला शिवलेला घागरा आचलनं घातला, तर तो जमिनीवर लोळायला लागला. मी शिंप्याला झाडलं. त्यानं मुकाट्यानं टेप लावली आणि म्हणाला, "ताई, शिलाई बराबर हाय. पोरीची उंची पाहाजा." डॉक्टर म्हणाले, आधीचं माप चुकलं असेल.

तेव्हापासून ती कॉलेजात गेली की मी तिच्या घागऱ्यांना, सलवारींना खालून थोडं थोडं दुमडून टीप घालते. तिला कळू नये म्हणून. रात्री मला झोप येत नाही.

काल तो घागरा पुन्हा काढला आणि दुमडायला उलटा केला. माझ्या टिपेच्या आत आणखी एक घडी घातलेली होती, बारीक टाक्यांनी शिवलेली. ते टाके माझे नव्हते. तसे टाके आचल घालते.