बटणाच्या मापाचं काज

तिबो तो जिना पहिल्यांदा चढला तो निव्वळ योगायोगानं. रोज बटणं न्यायला येणारी बाई तापानं पडली होती, म्हणून फॅशन हाउसनं या तरुण शिंप्याला पिटाळलं. दारात त्यानं टोपी काढली, समोर ज्योतीवर काच वितळवणारी सोलांज दिसली... आणि कशाला आलो तेच तो विसरला!

"बटणं," तिनंच आठवण करून दिली. "की नुसतंच बघायला आलात?"

"दोन्ही चालेल?"

त्या कारखान्याचा तोराच वेगळा. मालकीण मादाम वेर्दियेंच्या वडिलांनी युद्धाआधी पॅरिसच्या या चौथ्या मजल्यावर भट्टी पेटवली. तेव्हापासूनच्या प्रत्येक बटणाचा, प्रत्येक ब्रोचचा एकेक नमुना तिथल्या खणांत जपलेला होता. सगळं खोटंच, पण खऱ्या हिऱ्यांनी मान खाली घालावी असं! आणि तांब्याच्या नाजूक चौकटीत निळी काच थेंबाथेंबानं ओतावी, तर ती सोलांजनंच.

पण या खेपेला तिची बटणं परत आली. "काजातून जात नाहीत," तिबो म्हणाला. तिनं जराशी लहान करून दिली. तीही परत! तिसऱ्या वेळी मात्र मादाम स्वतः उठून आल्या.

"फॅशन हाउसचं प्रदर्शन आठवड्यावर आलंय. तुझा हात बिघडलाय, सोलांज. उद्यापासून खोकी भर, ज्योतीपाशी दुसरी बसेल."

सोलांजचा चेहरा पडला. ती जागा तिनं सहा वर्षं जिवापाड जपली होती. तिनं तिबोच्या हातातलं नमुन्याचं कापड ओढून घेतलं.

"हे काज कुणी कापलं? आधी बटण येतं, मग त्याच्या मापानं काज. शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

"मी कापलं..." तिबो लालबुंद झाला. "मुद्दाम लहान. तिन्ही वेळा. मादाम, हिच्या कामात काडीची खोट नाही हो — मलाच पुन्हा पुन्हा यायचं होतं. आमच्या मुख्य शिंप्यांना कळवा. काढून टाकलं तरी चालेल, पण हिची जागा हिलाच राहू दे."

"गाढवा!" मादाम कडाडल्या. "पहिल्या खेपेचीच बटणं ने आणि नीट काजं कर. सोलांज, तू ज्योतीपाशी बस." पाठ फिरवताना मात्र त्यांना हसू आवरेना.

सोलांजला राग आला होता, आणि रागाहून जास्त प्रेम. बटणांची पुडी त्याच्या हातात ठेवताना तिची बोटं तिथंच रेंगाळली.

"खुळ्या, जीव घेतला असतास माझा! आवडतेस, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"आवडतेस..."

"मग रविवारी ये," ती म्हणाली. "आणि बटणांचं निमित्त नको, रिकाम्या हातानं ये."