परत आलेली मूठ

"आजोबा माजी गव्हर्नर, मामा सिनेटर, मावशीचे यजमान काँग्रेसमध्ये!" सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये पाढे म्हटल्यासारखा दीनानाथ अमेरिकेतल्या विन्स्लेड घराण्याची नाती म्हणत होता. खासगी तपासनीस मेधा चित्रेबरोबर तो मदतनीस म्हणून नेहमीच जायचा, पण आजच्यासारखा हरखला कधी नव्हता. "राजघराणंच की हो, मेधाताई!"

"राजा नको म्हणूनच लढले होते ना ते?" मेधा म्हणाली.

दार शुभदानं उघडलं. रॅफल्स प्लेसच्या बँकेतली ही खमकी बाई रडून रडून लाल झाली होती. तिच्या चैत्रालीचा ग्रँट विन्स्लेडशी साखरपुडा आज दुपारी अर्ध्यावरच थांबला होता. विन्स्लेडांची पिढीजात अंगठी डबीतून नाहीशी झाली आणि शुभदाच्या तांदळाच्या डब्यात सापडली. आळ आला चैत्रालीचा धाकटा भाऊ अनीश याच्यावर.

"पोलिसांत गेले तर त्याचा इथं नोकरी करायचा पास जाईल हो," शुभदा म्हणाली. "लग्न गपचूप मोडलंत तर तक्रार करणार नाही, म्हणतात."

"डब्यात बघा असं कोण म्हणालं?"

"ग्रँटची आई, पॅट्रिशिया."

"त्याआधी काय काय झालं?"

"मी त्यांची ओटी भरली. रीत वाचून आल्या होत्या, केवढं कौतुक वाटलं मला! आपण होऊन मूठभर तांदूळ ताटलीत परत ठेवले. मी ताटली तशीच डब्यात रिकामी केली."

मेधानं डबा उघडला. खाली पांढरे तांदूळ, वर कुंकू लागलेले दाणे. अंगठी टेबलावर होती. हिऱ्याखालच्या खाचेत लाल कण अडकला होता.

अनीश आंग मो किओच्या एका कंपनीत इंजिनियर होता. "पाहुणे आले तेव्हा बर्फ आणायला आत गेलो, तेवढंच. ओटीपासून पुढे सारखा व्हिडिओ काढत होतो."

"हो, माझ्याच फोनवर," ग्रँट बुटांकडे बघत म्हणाला.

पॅट्रिशिया मात्र प्रसन्न होती. "आल्या आल्या ग्रँटनं अनीशला अंगठी दाखवली. लगेच तो आत गेला. मला फार वाईट वाटतंय."

"सिनेटरसाहेब बरे आहेत ना?" दीनानाथनं अदबीनं विचारलं.

"भाऊ थकलाय. लवकरच राजीनामा देईल. मग त्या जागी गव्हर्नर कुणाला तरी नेमतील. गव्हर्नर म्हणजे कॅथलीनचे वडील. ग्रँट आणि कॅथलीन लहानपणापासून..." ती एकदम थांबली.

मेधानं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"अनीश आत गेला तो ओटीच्या आधी. त्यानं ठेवली असती तर अंगठी पांढऱ्या तांदळात गेली असती. तिला तर कुंकू लागलंय. म्हणजे ती ओटीतल्या तांदळाबरोबर डब्यात गेली. ते तांदूळ परत कुणी दिले?"

"तुमचीच रीत पाळली मी," पॅट्रिशिया म्हणाली.

"अर्धीच वाचलीत. आम्ही चार दाणे परत देतो. तुम्ही मूठ दिलीत, कारण चार दाण्यांखाली अंगठी लपत नाही."

"पण लग्न नको होतं तर सरळ मोडायचं!" दीनानाथ उसळला.

"भारतीय मुलगी नाकारली, असं छापून आलं असतं. यांना मामाची खुर्ची मुलाला हवी, ती गव्हर्नरच्या हातात, आणि गव्हर्नरची मुलगी लग्नाची. मुलीकडचे चोर ठरले की वाट मोकळी, आणि त्यांची तोंडंही बंद."

पॅट्रिशियानं फक्त घड्याळ बघितलं.

दीनानाथला शिसारी आली. लिफ्टमध्ये आपण काय भक्तिभावानं ती नाती घोकत होतो! सोयरीक कसली, खुर्च्यांची अदलाबदल नुसती. स्वतःच्या तोंडाची त्याला किळस वाटली.

"ग्रँट, तुला माहीत होतं?" चैत्रालीनं विचारलं.

"अंगठी सापडल्यावर लक्षात आलं."

"आणि अनीशला चोर म्हणत होते तेव्हा तू गप्प बसलास."

तो आईकडे बघत राहिला.

"आधी माझ्या भावाची माफी मागा. दोघंही. मोठ्यानं."

दोघांनी मागितली. मग चैत्रालीनं डब्यातले वरचे लाल दाणे ओंजळीत घेतले, पॅट्रिशियाच्या उघड्या पर्समध्ये ओतले आणि अंगठी त्यावर टाकली. "सगळी मूठ घेऊन जा. चार दाणेसुद्धा इथं ठेवू नका."

शुभदानं अनीशला जवळ ओढलं.

बाहेर लिफ्टचं दार उघडलं. विन्स्लेड मायलेक मागून येत होते. दीनानाथनं शांतपणे बटण दाबलं आणि त्यांच्या तोंडावर दार बंद होऊ दिलं.