हजर सर

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय... आणि भरदिवसा घडलंय. वाशीम जिल्ह्यात, मेडशीच्या शिवारात. २०२० चा ऑगस्ट. शाळा मोबाइलवर भरत होत्या.

योगिनी माझी मावसबहीण, तेव्हा दहावीत. घरी नेट चालेना, म्हणून ती शेतातल्या लिंबाखाली बसायची. तिथे रेंज यायची.

तिच्या वर्गातली रूपाही यायची. रूपाकडे रिचार्ज नसायचा. योगिनीच्या हॉटस्पॉटवर तिचा अभ्यास चालायचा.

"दूर बस वं, कोरोना हाय," योगिनी म्हणायची.

मग रूपा दहा पावलांवर, विहिरीच्या काठावर बसायची.

त्या सकाळी सरांनी गणित घातलं. रूपाने झटक्यात सोडवलं. सर म्हणाले, "योगिनी, जरा रूपाकडून शिक."

योगिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने हॉटस्पॉट बंद केला.

"योगे, कायले बंद केलं वं?"

"म्या नाई केलं. रेंज गेली असन. काठावर उभी राहून पाह्य."

योगिनीने कानात हेडफोन घातले. तिला हसू येत होतं.

धप्प... असं काहीतरी झालं.

मान वर केली, तर काठ रिकामा. रुसून घरी गेली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. विहिरीत डोकावली नाही.

शेवटी सरांनी हजेरी घेतली. कॅमेरे सगळ्यांचेच बंद. रूपाचं नाव आलं. आपण नेट तोडलं हे उगाच बाहेर येईल... योगिनीने आवाज बारीक केला.

"हजर सर!"

दुपारी रूपाची आई लिलाबाई निंदणावरून आली. पोरगी घरी नाही. तिने सरांना फोन लावला.

"आत्ता तर वर्गात होती. हजेरी दिली तिने."

माउली निर्धास्त झाली. कुणी शोधलंच नाही.

संध्याकाळी विहिरीत रूपाचं प्रेत सापडलं. दगडांवर घासून नखं तुटली होती. बराच वेळ धरून होती बिचारी.

तिचा मोबाइल मात्र गाळात गेला तो गेलाच.

पंधरा दिवसांनी योगिनीच्या स्क्रीनवर अक्षरं आली... "एक डिव्हाइस जोडलेले आहे."

नाव... रूपा.

हॉटस्पॉट तर बंद होता!

दिवाळीनंतरची गोष्ट. मोबाइल लिंबाखाली ठेवून योगिनी बसायला पोतं आणायला शेतातल्या खोलीत गेली. मागे दार लागलं. बाहेरून कडी पडली.

वारा नव्हता.

ती ओरडली. दार बडवलं. शिवारात चिटपाखरू नाही.

घरून तिच्या आईने फोन केला. उचलला नाही, म्हणून सरांना विचारलं. सर म्हणाले, "वर्गात आहे की. आत्ताच हजेरी दिली."

ती हजेरी योगिनीनेही ऐकली. पत्र्याच्या दाराआडून... लिंबाखालून... हुबेहूब तिच्याच आवाजात.

"हजर सर!"

वडील इंद्रभान यांनी दार उघडलं तेव्हा दिवस मावळला होता. योगिनीची नखं तुटली होती.

आज ती वाशीमला नर्सिंग शिकते. न्हाणीची कडीसुद्धा लावत नाही. हे सगळं तिने फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, "वेडी हाय काय? काई झालं तर आमी शोधू ना तुले."

"तुमी फोन लावसान, दादा. अन् तिकडून रूपा सांगन, योगिनी हजर हाय म्हणून."

परवा मी तिला फोन केला. तिने उचलला, नीट बोलली. पण बोलणारी तीच होती का, हे मला अजून ठरवता येत नाही.