जुन्या नावाने ठोठावलेले दार

माझी नात कोनादू आमच्या कुमासी शहरात कंपायलर घडवते. माणसाचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे ते साधन; काम अवघड. आमच्या घराण्यातल्या मुली कामाने ओळखल्या जातात. समुद्रकाठच्या केप कोस्टहून तिच्या कचेरीत नव्याने आलेल्या उंच फीफीला हे ठाऊक नसावे. पहिल्याच सकाळी तो चुकून तिच्या खुर्चीवर बसला आणि दुपारपर्यंत त्याने तिचा कंपायलर बंद पाडला.

"जुनं फंक्शन काढून नवं बसवलंत," ती म्हणाली, "पण प्रोग्रामचा कुठला तुकडा कुठल्याला हाक मारतो, तो आलेख कोण बदलणार?"

"मला वाटलं... कळेल त्यांना."

"ते अजून जुन्यालाच हाका मारताहेत! आधी हाक मारणारा प्रत्येक जण नव्याकडे वळवा. जुना ज्यांना हाक मारायचा, तेही नव्याच्या हवाली करा. मग पुसा — मग!"

"सगळ्या कुमासीच्या आशांती मुली अशाच रागावतात?"

"सगळे किनाऱ्यावरचे फांते असेच मासे धरलेल्या निसरड्या हातांनी काम करतात?"

तो हसला. तिने मान वळवली... हसू लपवायला.

हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ बसेपर्यंत 'तुम्ही'चे 'तू' झाले होते. एका शनिवारी फीफी कोनादूला मागणी घालायला, रीतीप्रमाणे मामांसह, दारूच्या दोन बाटल्या घेऊन आमचे दार ठोठावायला आला. आणि घराण्याचा प्रमुख म्हणून त्याच्या मामांनी पुकारले नाव माझ्या थोरल्या भावाचे, ओपोकूचे! दृष्टी गेल्यामुळे त्याने महिन्यापूर्वीच ते पद धाकट्या भावाला, बाफूरला दिले होते.

"माझ्या काळातलं पहिलं दार, तेही दुसऱ्याच्या नावानं?" बाफूर गरजला. "न्या त्या बाटल्या परत!"

कोनादूचा चेहरा उतरला. तरी ती फीफीजवळ जाऊन पुटपुटलीच, "परत तीच चूक?"

"दुरुस्ती येते मला," तो म्हणाला.

आठवडाभर तो आमच्या घराण्याच्या घराघरांत हिंडला. ओपोकूमार्फत बोलणाऱ्या प्रत्येकाला त्याने विनवले, "माझ्यासाठी आता बाफूर आजोबांकडे शब्द टाका." ओपोकूच्या हाकेला धावणाऱ्यांनाही त्याने बाफूरच्या हाकेला धावायला सांगितले. अखेर तो ओपोकूच्या पायाशी बसला, आभार मानले, आणि मगच त्याचा निरोप घेतला.

पुढच्या शनिवारी दार योग्य नावाने वाजले. बाटल्या घेणे म्हणजे होकार, आणि तो मुलीला तीनदा विचारण्याची आमची रीत आहे.

"कोनादू, बाटल्या घ्यायच्या?" बाफूरने पहिल्यांदा विचारले.

"घ्या, घ्या, घ्या!"

सभा हसली. मी हसले नाही. मान उंच करून ताठ बसून राहिले. फीफीने दुरुस्ती नेमक्या क्रमाने केली होती, आणि तो क्रम त्याला माझ्या नातीने शिकवला होता.