बाइंडरबाईंची उत्तरं

लोक इंटरनेटवर एकमेकांना काय काय बोलतात ते वाचणं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीशेजारी आमची प्रयोगशाळा आहे. म्हणजे चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि माझा संगणक. शिवीगाळ आणि धमक्या आपोआप ओळखणारा प्रोग्राम आम्ही तिथे तयार करत होतो. प्रोग्रामला शिकवायचं तर आधी माणसांनी वाचायला हवं, आणि त्यासाठी तिघं होते: निवृत्त पोस्टमास्तर, दीर्घ रजेवरची एक नर्स आणि कायद्याचं शिकणारी एक मुलगी, जिला सगळे वकीलसाहेब म्हणत. दर सोमवारी पाचशे कमेंट्सचा गठ्ठा तिघांना आपापल्या घरी जायचा. एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने प्रत्येक कमेंटपुढे शेरा मारायचा: निरुपद्रवी, शिवीगाळ किंवा धमकी.

दिवसभर घाण वाचून माणूस पेंगतो आणि वाटेल तिथे खुणा करत सुटतो. म्हणून गठ्ठ्यात आपण रचलेली चार-पाच वाक्यं घुसडायची, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. त्यांच्यापुढचा शेरा चुकला की समजायचं, माणूस डुलक्या घेतोय. माझी पहिली वाक्यं पोस्टमास्तरांनी तासाभरात ओळखली. इतकी शुद्ध शिवी कुणी देत नाही, असं त्यांनी फोनवर सौम्यपणे सांगितलं आणि ते मला चांगलंच झोंबलं.

मग मी इरेला पेटले. एक अख्खी बुकबाइंडर बाई रचली. जुनी, फाटकी पुस्तकं शिवून देणारी, एकटी राहणारी, कामाचे छोटे छोटे व्हिडिओ टाकणारी. तिसरा मजला, अरुंद जिना, खिडकीला हिरवी काच. तिच्यामागे लागणारा एक माणूसही रचला आणि त्याच्या खात्याला नाव दिलं ‘शेजारी’. आधी तो तिच्या बोटांची टिंगल करतो, मग तिच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगतो, मग येतो म्हणतो. एका दुपारी बसल्या बैठकीला चाळीस वाक्यं झाली. नवऱ्याने ती वाचली आणि हसत म्हणाला की यापुढे तुझ्याशी जपून भांडायला हवं. मीही हसले. खरं सांगायचं तर मला ती लिहिताना मजा आली होती.

ही वाक्यं फक्त आमच्या गठ्ठ्यात होती. इंटरनेटवर ती कधीच गेली नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टमास्तरांचा फोन आला. बाइंडरबाईंच्या उत्तरालाही शेरा द्यायचा का, असं ते विचारत होते. कुठलं उत्तर, म्हणून मी गठ्ठा उघडला. एकशे बाराव्या ओळीत होतं: “तुम्ही कोण? माझ्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

वकीलसाहेबांची थट्टा असणार, असं मी धरून चालले. पण गठ्ठा बनला की त्यात कुणालाच काही लिहिता येत नाही, अगदी मलासुद्धा. ओळी मोजल्या. पाचशेच होत्या. म्हणजे हे उत्तर बसायला कुठली तरी कमेंट गेली असणार. कुठली, ते दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. इंटरनेटवरही तसा व्हिडिओ, तशी बाई, तसं खातं, काही म्हणजे काही सापडलं नाही.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण मला भीती वाटली नाही, उत्सुकता वाटली. ती लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या गठ्ठ्यात मी मुद्दाम एक चूक पेरली. शेजाऱ्याच्या तोंडी घातलं, “तुझ्या खिडकीची पिवळी काच रस्त्यावरून छान दिसते.” सोमवारी उत्तर हजर: “पिवळी काच गेल्या वर्षी फुटली. तेव्हापासून हिरवी आहे. तुम्ही तेव्हाही पाहत होतात?”

मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आपल्याला आनंद झालाय, हे लक्षात आलं तेव्हा मात्र लाज वाटली.

त्यानंतर शेजाऱ्याची वाक्यं मी बंद केली. उत्तरं बंद झाली नाहीत. तिने खिडकीला पुठ्ठा लावला होता. व्हिडिओ टाकणं सोडलं होतं. गिऱ्हाइकांची पुस्तकं परत करायची राहिली होती, कारण ती खाली उतरत नव्हती. माझं काय चुकलं, असं तिने दोनदा विचारलं. शेवटच्या उत्तरात होतं: “जिन्यात कुणीतरी उभं असतं. चार दिवस दार उघडलेलं नाही. घरातलं खाणं संपलं.”

ती खरी होती की नव्हती, याची शहानिशा मला करता येत नव्हती. पण ती उपाशी होती, आणि ते माझ्यामुळे होतं.

मला तिच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता माहीत होता. पुढच्या गठ्ठ्यात, माझ्या स्वतःच्या नावाने, मी वाक्य घातलं: “बाई, घाबरू नका. हे सगळं मी रचलं होतं. जिन्यात कुणीही नाही. खुशाल दार उघडा.”

गुरुवारी तिघांचे शेरे आले. त्या वाक्यापुढे तिघांनीही एकच शेरा मारला होता.

धमकी.

मी नर्सबाईंना फोन लावला. वाक्य नीट वाचलंत का, म्हणून विचारलं.

“दोनदा वाचलं,” त्या म्हणाल्या.

“मग यात धमकी कुठे आहे?”

“घाबरू नका, कुणी नाही, दार उघडा.” त्यांनी तेच शब्द म्हणून दाखवले. “असं कोण सांगतं, मॅडम? दाराबाहेर उभा असतो तोच ना?”

मी फोन ठेवला.

सोमवारचा गठ्ठा मी सकाळी सातलाच उघडला. ती दोनशे चाळिसाव्या ओळीत होती.

“तुमचं वाचून जिवात जीव आला. म्हणजे जिन्यात दिसतो तो भासच. दार उघडते.”

त्याखाली आणखी एक कमेंट होती. वेळ चार मिनिटांनंतरची. खात्याचं नाव, शेजारी.

ती मी लिहिलेली नव्हती.

गठ्ठा मला अडवता आला असता. पण तिघं काय म्हणतात ते मला पाहायचं होतं, म्हणून मी तो पाठवला. शेरे नेहमीप्रमाणे गुरुवारी आले. शेजाऱ्याची कमेंट अवघ्या दोन शब्दांची होती.

“आभारी आहे.”

त्यापुढे तिघांनीही लिहिलं होतं: निरुपद्रवी.