क्रांतीला लागलेली धग

दिवाळीनंतर आष्ट्याच्या एका हायस्कूलनं बोलावलं, पोरांचं नाटक बसवा आणि त्यांना स्टेजचे लाइटही शिकवा म्हणून. सांगलीहून गेलो आणि दुपारपर्यंत डोकं फिरायची वेळ आली. हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावले, तर बाकीची पोरं दिव्यापुढं सशाची सावली करत बसलेली. लाइटच्या बटणांवर बसवलेल्या शंभूराजला म्हणावं, लाइट हळू वाढव, की हा भसकन वाढवणार.

सगळ्यात ताप क्रांतीचा. नाटकात तिचं आंधळ्या मुलीचं काम. डोळे मिटून चालत यायचं, दिव्याची धग तोंडावर लागली की थांबायचं. एवढंच. पण ही बया दर वेळी उजेड ओलांडून चार हात पुढं, अंधारात जाऊन उभी.

"अगं, धग कळत नाही तुला?"

"कळतीया की, सर. हितंच लागतीया."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझा संयम संपला.

"बास. तुझं काम संयोगिताला देतो."

तिचे डोळे भरले. "सर, पप्पांनी मिल्ट्रीतनं सुट्टी काढलीया, माझं काम बघाय. तुमी हितं एकदा उभं राहून बघा की..."

तिची चूक दाखवायचीच म्हणून मी चिडून तिथं गेलो, डोळे मिटले. गालावर धग लागली. तापलेल्या दिव्यावर धूळ जळते, तसा वासही आला. वर पाहिलं तर तिथं दिवाच नव्हता, दिवे टांगायचा नुसता पाइप.

"शंभूराज, मेन बंद कर."

नेमकं या वेळी त्यानं लगेच ऐकलं. मिट्ट काळोख झाला. पोरांची खुसखुस थांबली. धग मात्र तशीच. मी एक पाऊल डावीकडं सरकलो. धगही सरकली.

"चालू कर रं..."

"करतोय, सर... लागंना."

विंगेतून क्रांती हळूच म्हणाली, "सर, तुमच्या तोंडावर लय झ्याक उजेड पडलाय."

मला तर माझा हातही दिसत नव्हता.

"मग... काम माझंच न्हवं, सर?"

"तुझंच, बाई. तुझंच."

तसा माझा गाल एकदम गार पडला. आणि समोर त्या काळोखात मला क्रांतीचा चेहरा स्वच्छ दिसायला लागला. तिनं डोळे मिटले होते, आणि ती चालत निघाली होती.