कासवखिडकी

मुलांनो, क्षणभर डोळ्यांपुढे एक बांगडी आणा. निळ्या पाण्यात अर्धी बुडालेली. आता ती एवढी मोठी करा, की तिच्या आत सात-आठ बेटं सहज मावतील. ही बांगडी प्रवाळांची आहे. बाहेर महासागर आदळतोय, आत पाणी शांत आहे. बांगडी एकाच जागी तुटलेली आहे आणि होड्यांना आत-बाहेर करायला तेवढीच वाट आहे. दिसली? मग त्या वाटेपाशी एक होडी उभी करा आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अकरा वर्षांच्या केतकीला बसवा. तिचे पाय अनवाणी आहेत, कारण येताना आणलेल्या चपला आता तिला होत नाहीत.

केतकी घरी निघाली होती. पण वाटेतलं जाळं वर आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती आईबरोबर इथे आली. आई, म्हणजे डॉक्टर हेमांगी, किनाऱ्यावरच्या प्राण्यांचा अभ्यास करायची. यंत्रं सांभाळायला भौतिकशास्त्रज्ञ नाना केळस्कर होते आणि होडी हर्णैच्या हसनचाचांची होती. चौघांनी बेटामागून बेट, किनाऱ्यामागून किनारा पालथा घातला. एका किनाऱ्यावर कुररी पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालत. दुसरीकडे शंखात राहणारे खेकडे उंचीप्रमाणे रांग लावत आणि एकाने मोठा शंख घेतला की त्याच्या रिकाम्या शंखात मागचा शिरे. केतकी तासन्‌तास पोटावर पडून ही घरांची अदलाबदल बघायची. तिसऱ्या किनाऱ्यावर कासवं येत.

आणि कासवांसाठीच ते जाळं होतं. पूर्वी चोर इथली अंडी, प्रवाळ, कासवं होड्या भरभरून नेत. म्हणून वाटेत 'मुद्राद्वार' बसवलं गेलं. समुद्राच्या तळाशी जाळं, दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर दिवे. बेटावरची कुठलीही वस्तू किंवा जीव बाहेर जाऊ लागला, की जाळं वर येई. जाळ्याच्या मधोमध, पोहत जाणाऱ्या कासवांसाठी एक झडप होती. तिला केतकीने नाव दिलं होतं कासवखिडकी.

"कुणाच्या तरी सामानात शिंपला राहिलाय," नाना म्हणाले. "चाचा, तुमचा तो कवड्यांचा छंद बघा एकदा."

"माझ्या छंदावर कशाला घसरता? तुमच्या चष्म्याच्या डबीत मूठभर वाळू निघेल, ती झाडा आधी."

सगळ्यांनी सगळं झाडलं. कपडे धुतले, होडीचा तळ घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. जाळं पुन्हा वर आलं.

आईने बिनतारी यंत्रावरून द्वाराच्या व्यवस्थापकांना गाठलं. उत्तर साधं होतं. द्वाराला चावी नाही. चावी असती तर कुणीतरी ती विकत घेतली असती, म्हणून बनवलीच नाही. तंत्रज्ञांचं जहाज पाठवू, पण त्याला महिना लागेल.

"महिना?" हसनचाचा आकाशाकडे बघत म्हणाले. "चार-पाच दिवसांत दक्षिणेचा वारा धरेल. मग या वाटेत घराएवढ्या लाटा उठतील. सहा महिने ना कुणी आत, ना कुणी बाहेर. आणि आपलं पाणी गोडं करायचं यंत्र आत्ताच खोकतंय."

तेव्हा नानांनी एक युक्ती केली. छोट्या होडीतून एकेकाला दारापर्यंत नेलं. चाचांसाठी जाळं खालीच राहिलं. आईसाठीही. नानांसाठीही. केतकी गेली आणि जाळं सळसळत वर आलं.

"मी काही घेतलं नाही," केतकी म्हणाली. "खरंच नाही, आई."

नानांनी तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग फळीवर बसत म्हणाले, "इकडे ये. तू काही चोरलेलं नाहीस. हे दार ओळखतं कसं, ठाऊक आहे? प्रत्येक पदार्थ अणूंचा बनतो. एकाच जातीच्या अणूंत काही हलके असतात, काही किंचित जड. जुळे भाऊ समज, एकाच्या खिशात गोटी जास्त. कुठल्या जागी जड किती नि हलके किती, हे प्रमाण त्या जागेचं स्वतःचं असतं. त्या जागेचा शिक्काच म्हण ना. ही मूळमुद्रा. दार मंद किरण टाकून ती वाचतं."

"पण मी तर रत्नागिरीची आहे."

"जन्माने. हाडं कशाची बनतात? खाल्ल्या-प्यायल्याची. आम्हा म्हाताऱ्यांची हाडं केव्हाच बनून झाली, तीही घरच्या अन्नावर. तू इथे दोन वर्षांत वीतभर वाढलीस. ती वीत कशाची बनली, हा प्रश्न आहे." नाना आईकडे वळले. "पण आपला नियम होता, बेटावरचं काही खायचं नाही. फक्त बरोबर आणलेली पाकिटं."

मग चाचांनी घसा खाकरला.

"पोर ते पाकिटातलं पिठलं बघून तोंड फिरवायची. मी कधीतरी एखादा मासा भाजून द्यायचो. एवढासा."

"तुम्ही पण?" आई म्हणाली. "मी नीरफणसाचे काप द्यायचे. तिला एकटीलाच. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय."

नानांनी चष्मा काढून पुसला. "मी रोज सकाळी शहाळं फोडून द्यायचो," ते हळूच म्हणाले.

तिघांनी स्वतः दोन वर्षं नियम पाळला होता आणि तिघांनीही एकमेकांपासून लपवून तो एकाच पानात मोडला होता. पाकिटातलं एक शीतही केतकीच्या पोटात जात नव्हतं.

"मग आजपासून पाकिटंच खाते," केतकी म्हणाली.

"हाडांतली मुद्रा पुसायला वर्षं लागतील, बाळ."

त्या दुपारी मोठी माणसं होडीत खालच्या आवाजात बोलत होती. केतकीला किनाऱ्यावर सगळं ऐकू येत होतं. पाणी चौघांना पुरणार नाही. दोघांना पुरेल. नाना आणि चाचांनी जावं, हेमांगीने मुलीजवळ राहावं. आणि यंत्र बंद पडलं तर?

ज्या किनाऱ्यावर ती दोन वर्षं उंडारली, तो तिला आज कोंडवाड्यासारखा वाटला. प्रवाळांचं कडं दिसेल तिथून गोल फिरून परत दाराशीच येत होतं.

ऊन उतरलं. तिच्या शेजारची वाळू हलली. एक इवलंसं डोकं बाहेर आलं, मग दुसरं, मग वाळूच जणू चालू लागली. कासवाची पिल्लं पाण्याकडे निघाली होती. ती दाराजवळ पोचली तसे खांबांवरचे दिवे विझले, म्हणजे पिल्लं उजेडाला भुलू नयेत. जाळं वर आलं. कासवखिडकी मात्र उघडली आणि पिल्लं समुद्रात गेली.

केतकी उठली आणि होडीकडे धावली.

"नाना, दार मला काय समजतं?"

"इथला जीव."

"इथल्या जीवाला माणसांनी होडीतून न्यायचं नाही. पण तो आपला आपण पोहत गेला तर?"

नाना खिडकीकडे बघत उठून उभे राहिले. चाचा हसू लागले. "अहो, ही तर वकील झाली."

आई हसली नाही. "त्या वाटेत ओढ किती असते, बघितलंयस?"

"भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थबकतं," चाचा म्हणाले. "उद्या संध्याकाळी थबकेल. आणि पोहते ती माशासारखी, बाई. मीच शिकवलंय."

आईने शेवटी मान हलवली, पण एका अटीवर. केतकीच्या जाकिटाला दोर बांधायचा आणि दुसरं टोक आईच्या हातात राहील.

दुसऱ्या संध्याकाळी मोठी होडी तिघांना घेऊन निघाली. जाळं उठलं नाही. खांबांवरचे दिवे लागले होते. होडी बाहेर जाऊन उभी राहिली आणि दोर वाटेतल्या पाण्यावर लांबच लांब पसरला. आत खडकावर एकटी केतकी उभी होती. चाचांनी हात वर केला. ती पाण्यात उतरली.

जाळं वर आलं. ती खिडकीपर्यंत पोचली. झडप उघडली नाही. दिवे जळतच राहिले.

"परत फीर," पलीकडून आई ओरडली. "केतकी, परत फीर, मी आत येते."

केतकी जाळ्याला धरून राहिली. पायांखाली पाणी हळूहळू हलू लागलं होतं. ओहोटी फार लांब नव्हती. तिला मागच्या वर्षीचं ते मोठं कासव आठवलं. त्याच्या मानेत कुणाची तरी दोरी अडकली होती आणि ते या खिडकीपाशी तासभर धडका देत होतं. चाचांनी दोरी कापली तेव्हा कुठे झडप उघडली. तेव्हा नानांनी सांगितलं होतं, चोर कासवांना दोरीने बांधून खिडकीतून ओढत नेत. म्हणून बांधलेला जीव हे दार सोडत नाही.

तिने पलीकडे बघितलं. आई होडीच्या काठावर वाकून दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून उभी होती.

"आई," केतकी म्हणाली, "मी येतेय."

आणि तिने जाकिटाच्या कडीतून दोर सोडवला. तो सैल होऊन पाण्यावर तरंगत आईकडे गेला. खांबांवरचे दिवे एकामागून एक विझले. केतकीने दोन्ही हात पुढे केले, पाय झाडले आणि पोहू लागली.